काशम्माच्या खोलीतल्या किंकाळ्या

काशम्मा येमूलच्या खोलीत रोज दुपारी दोन ते चार एक तरी बाई किंचाळायची. कधी दोन-तीन. कुणाचा गळा आवळला जायचा, कुणाला जिन्यावरून ढकललं जायचं, कुणाच्या मागे कुऱ्हाड घेतलेला पांढऱ्या बुबुळांचा माणूस लागायचा. बाहेर बोळात धुणं वाळत घालणारी बाई मान वर करायची नाही. शेडमधून पाणी प्यायला बाहेर आलेला विणकर फार तर म्हणायचा, "आज लवकर मारली वाटतं."

अक्कलकोट रोडच्या बाजूला, यंत्रमागाच्या शेडला पाठ लावून सात खोल्यांची एक ओळ आहे. शेड वीरभद्रप्पांची, खोल्याही त्यांच्याच. शेडमध्ये टॉवेलचे बारा माग. ते सुरू असताना एकाच खोलीत बसलेल्या दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. काशम्माची खोली शेवटची, तिची मागची भिंत म्हणजेच शेडची भिंत. त्यामुळे टीव्हीचा आवाज ती भरपूर चढवायची. बारा मागांच्या वरून किंकाळी ऐकू यायची तर तेवढा आवाज लागायचाच.

काशम्मा एकसष्ट वर्षांची आहे आणि चौदाव्या वर्षापासून विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा आणि जड लोखंडी कात्री. पत्र्याचं माप पानावर ठेवून ती पान कापते, तंबाखू भरते, वळते, दोरा गुंडाळते, टोक दुमडते. यातल्या कशाकडेही तिला बघावं लागत नाही. डोळे मोकळे असतात, ते ती सिनेमाला देते.

सिनेमे जुनेच. भुताखेताचे आणि खुनाचे. मोबाईलवर शोधायचे आणि टीव्हीला जोडायचे, हे ती स्वतः शिकली. तिच्या मते रंग आल्यावर भुतं बिघडली. काळ्या-पांढऱ्या सिनेमात रक्त काळं दिसतं आणि काळं रक्त खरं वाटतं. रंगीत सिनेमात ते सरबतासारखं दिसतं. तरीही रंगीतही ती सोडत नाही, कारण त्यांत पकडण्यासारखं पुष्कळ असतं. थडग्यातून बाहेर येणारा एकच रबरी हात तिने तीन वेगवेगळ्या सिनेमांत ओळखला होता. करंगळीचं नख तुटलेला. "आला बघा आपला नखतुट्या," ती म्हणायची, आणि सोबत बसलेल्या बायका भ्यायच्या ऐवजी हसायच्या.

हे बघणं तिला वडिलांनी शिकवलं. वडील कापडगिरणीत होते. सुटीच्या दिवशी ते तिला दुपारच्या खेळाला न्यायचे. ती नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई मेणबत्ती घेऊन चालत आली, तेव्हा तिने वडिलांच्या दंडात नखं रुतवली. वडील म्हणाले, "तोंड बघू नको. पाय बघ. भुताचे पाय उलटे असतात म्हणे. हिचे सरळ आहेत, आणि पायात चपला आहेत." तिने पाहिलं. चपला होत्या, एकीचा अंगठा तुटायला आलेला. भीती गेली नाही, पण तिच्या शेजारी मजा येऊन बसली. तेव्हापासून ती मारणाऱ्याचे पाय आधी बघते, मग हात, मग हातातलं हत्यार. कितवा घाव कुठे बसला, हे तिला सिनेमा संपल्यावरही सांगता येतं.

शेजारच्या खोलीत मायाक्का राहते. मंगळवेढ्याकडची धनगराची बाई. नवरा मेंढरं घेऊन रानोमाळ, ती इथे टॉवेलच्या कडांना शिलाई मारते. दाराशी एक करडू बांधलेलं असतं आणि दारामागे मेंढरं हाकायची काठी. ती नवी राहायला आली त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी भिंतीपलीकडे बाई किंचाळली. मायाक्काने काठी उचलली आणि काशम्माचं दार लाथेनं उघडून आत शिरली.

"सोड तिला, भाड्या! सोड, न्हायतर डोस्कं फोडते!"

पडद्यावर एक दाढीवाला एका बाईला केसांनी ओढत तळघरात नेत होता. पाच बायका मांडीवर सुपं घेऊन तिच्याकडे बघत होत्या. मायाक्काची काठी टीव्हीच्या काचेपासून वीतभर लांब थांबली.

"मार की," काशम्मा म्हणाली. "दोन तास झाले छळतोय मेला."

हसता हसता बायकांची सुपं कलंडली. सगळ्यांत मोठ्याने काशम्मा हसली आणि दुसऱ्या दिवशी विडी कारखान्याच्या रांगेत तिनेच हा किस्सा अभिनयासह सांगितला. मायाक्काला 'भूतमारी' हे नाव पडलं. शेडमधले विणकर तिला येता-जाता विचारू लागले, "काय भूतमारी, आज किती पाडली?" मायाक्का महिनाभर काशम्माशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "हितनं फुडं तुज्या खोलीत कोन मेलं तरी म्या उंबरा वलांडनार न्हाय. ध्यानात ठेव."

पुढे दोघींचं जुळलं. मायाक्का सिनेमाला येऊन बसायलाही लागली. पण बोलावल्याशिवाय नाही. आणि किंकाळीला त्या ओळीत पुन्हा कुणीही दार उघडलं नाही.

काशम्माला एकच मुलगी, सुकन्या. पाच वर्षांपूर्वी तिचं लग्न अंबादासशी झालं. अंबादास जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून सुरू करून देणारा. हात कसबी. मागच्या खिशात कायम एक फूटभर लांबीचा पाना. काशम्माला तो 'अत्तम्मा' म्हणायचा, तेलुगू घरांत सासूला म्हणतात तसं, आणि वाकून पाया पडायचा.

पहिल्यांदा सुकन्या माहेरी आली तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सुजून वळत नव्हती. दारात सापडली, ती म्हणाली. रात्री खरं बोलली. दार त्याने लावलं होतं, तिची बोटं चौकटीवर आहेत हे बघून. काशम्माने तेल लावून दिलं आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. "नवीन संसार आहे. होतं असं."

दुसऱ्यांदा गळ्याजवळचं हाड मोडलेलं होतं. ते जुळेपर्यंत सुकन्या राहिली. मग अंबादास साडी घेऊन आला, सासूच्या पाया पडला, दुपारी सिनेमाही बघत बसला. लोडाला टेकून, खदाखदा हसत. पडद्यावर बाईचा गळा चिरला जात होता, भिंतीमागे माग धडधडत होते. तो म्हणाला, "अत्तम्मा, असल्या आवाजात तुमच्याकडे कुणी खरंच मुडदा पाडला तरी कळायचं नाही कुणाला."

सगळे हसले. काशम्माही हसली. संध्याकाळी सुकन्या त्याच्याबरोबर गेली.

गेल्या फेब्रुवारीत ती तिसऱ्यांदा आली. रिक्षातून, अनवाणी. काशम्माने तिला मोरीत बसवून पाठीवर पाणी घातलं, तेव्हा पाठ पाहिली. मागाच्या पट्ट्याचे वळ होते, काही ताजे, काही जुने. काशम्माने आयुष्यभर रंगवलेल्या जखमा पाहिल्या होत्या. रंगवणाऱ्यांना एक गोष्ट कधी जमली नाही, ती तिला इथे दिसली. जुन्या वळाच्या कडा आधी हिरवट होतात, मग पिवळ्या. पिवळे, हिरवे, जांभळे, लाल. दर आठवड्याचा एक रंग होता.

"आता परत जायचं नाही," ती म्हणाली.

"तू मागच्या वेळीही असंच म्हणालीस."

"मागच्या वेळी मी हाड जुळेपर्यंत राहा म्हणाले होते."

दुसऱ्या दिवसापासून सुकन्या आईशेजारी बसून विड्या वळू लागली. सिनेमा लागला की ती टीव्हीकडे पाठ करून बसायची. काशम्माने चौकीत अर्ज दिला. अंबादासचे फोन येऊ लागले. आधी रडायचा, मग शिव्या द्यायचा. शेवटचा फोन काशम्माने उचलला. तो शांत आवाजात म्हणाला, "अत्तम्मा, मी न्यायला येतो. आली तर नेईन. नाही आली तर तिथेच संपवीन. तुम्ही ठरवा."

"ठरलंय," काशम्मा म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून ती दाराला कडी लावून बसू लागली. पण मार्चमध्ये पत्रे तापले. कडी लावून बसलं की आत जीव घुसमटायचा. दार उघडं राहू लागलं, फक्त पडदा सोडलेला.

तो मंगळवार होता. सोबतच्या बायका कारखान्यात विड्या द्यायला गेल्या होत्या. खोलीत मायलेकी दोघीच. सिनेमा काळा-पांढरा होता, काशम्माचा आवडता. हवेलीतली धाकटी सून, अंगणातली विहीर, तीनचे ठोके देणारं घड्याळ. सून जिना चढत होती तेव्हा दारातला उजेड हलला. काशम्माने सवयीने आधी पायच पाहिले. पडद्याच्या कडेखाली, उंबऱ्यावर, तेलाचे डाग पडलेले काळे बूट.

ती उठेपर्यंत अंबादास आत आला होता. त्याने मागे दार लोटलं, कडी घातली. मग शांतपणे रिमोट उचलला आणि आवाज होता तिथून पार शेवटपर्यंत नेला.

"चल," तो सुकन्याला म्हणाला. ऐकू आलं नाही, ओठ दिसले.

सुकन्याने नाही म्हणून मान हलवली.

"अत्तम्मा, हिला सांगा."

"ती यायची नाही! तू जा, अंबादास!" काशम्मा ओरडली.

त्याने मागच्या खिशातून पाना काढला. पहिला घाव सुकन्याने हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज आला नाही, मागांत आणि टीव्हीत तो बुडाला. हात मात्र कोपराखाली भलत्या दिशेला वळलेला दिसला. दुसरा घाव खांद्यावर. ती खाली बसली. तिसरा पाठीवर, चौथा पुन्हा त्याच खांद्यावर. काशम्माने सूप उचलून त्यातला तंबाखू त्याच्या तोंडावर फेकला. तो क्षणभर आंधळा झाला, खोकला, भिंतीवर आपटला. तेवढ्यात तिने कात्री त्याच्या मांडीत घातली. पातं दोन बोटं खोल रुतलं आणि तिथेच राहिलं. त्याने न बघता पाना फिरवला. तिचं उजवं मनगट मोडलेल्या फांदीसारखं लोंबू लागलं.

काशम्मा किंचाळली. पडद्यावर धाकटी सूनही किंचाळली.

शेजारच्या भिंतीवर बुक्के पडले. "काशम्मेऽ! आवाज कमी कर की! करडू बिथरलंय माजं!"

"मायाक्का! मारतोय गं! हिला मारतोय!"

"रोजच मारत्यात की!" भिंतीतून उत्तर आलं.

अंबादास हसला. लाल, पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी तो काशम्माकडे बघून हसला. "ओरडा, अत्तम्मा," त्याचे ओठ म्हणाले. "अजून ओरडा."

त्याने मांडीतली कात्री उपसून फेकली आणि खाटेखाली शिरू पाहणाऱ्या सुकन्याचा पाय धरून तिला बाहेर ओढलं. पाचवा घाव कमरेवर बसला. सहावा डोक्याला घासून गेला. काशम्माने पाठीमागून त्याच्या गळ्याला एका हाताने मिठी मारली. त्याने कोपर मारून तिला खिडकीखाली फेकलं.

खिडकीखाली पडल्या पडल्या तिला कळून चुकलं की ओरडून उपयोग नाही. या बोळाला ओरडण्याची सवय तिनेच लावली होती. घशातून रक्त येईपर्यंत ओरडली असती तरी दारं उघडली नसती. बोळातली माणसं एकाच गोष्टीला झाडून सगळी बाहेर येत. लाईट गेली की. लाईट गेली की बारा माग एकदम थांबत, विणकर घाम पुसत बोळात येत, बायका दारात येऊन "तुमची हाय का?" विचारत, वीरभद्रप्पा वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढत.

शेडचा आणि खोल्यांचा मेन स्विच तिच्याच खिडकीलगत होता. बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. चालत्या मागाची वीज गेली तर आडवा धागा नेणारा धोटा सुतात मध्येच अडकतो, शेकडो धागे तुटतात, ते जोडायला दिवस जातो. दोन वर्षांपूर्वी एका वायरमनने न विचारता खटका ओढला होता, तेव्हा वीरभद्रप्पा ओळीपुढे उभं राहून म्हणाले होते, "पुन्हा कुणी हात लावला तर हात उखडून ठेवीन."

काशम्मा उठली. तिने डावा हात गजांतून खांद्यापर्यंत बाहेर घातला. बोटं पत्र्याला लागली, मग लोखंडी दांड्याला. दांडा घट्ट होता. मागे अंबादासने पुन्हा पाना उचललेला तिला खिडकीच्या उघड्या काचेत दिसला. तिने अंगाचं सगळं ओझं त्या हातावर टाकलं.

खटका खाली आला.

टीव्ही गेला. माग थांबले. शेडमध्ये एखादं चाक दोन-तीन वेळा फिरलं आणि तेही थांबलं. इतकी शांतता झाली की अंबादासचा उचललेला हात तसाच राहिला. मग त्याने तो खाली आणला. सातवा घाव. आता तो आवाज ऐकू आला.

"कुणी ओढला रे खटका?" शेडमधून वीरभद्रप्पांची आरोळी आली. पाठोपाठ कानडीतली शिवी. धावत्या पावलांचे आवाज, सात-आठ माणसांचे. खिडकीतून बाहेर आलेला हात आणि त्यात अजूनही धरलेला दांडा त्यांना दिसला. वीरभद्रप्पांनी तो हात मनगटात धरून पिरगाळला.

"म्हातारे, मस्ती आली काय तुला? नऊ माग तुटले माझे!"

काशम्माने हात सोडवून घेतला नाही. "आत बघा!" ती ओरडली. तिच्या मागे सुकन्या किंचाळली.

शिव्यांच्या भरात वीरभद्रप्पांना ऐकू आलं नाही. ते अजून पिरगाळतच होते. ऐकलं ते मायाक्काने. ती तिच्या दारात उभी होती, "तुमची हाय का?" विचारायला तोंड उघडलेलं. तोंड तसंच राहिलं.

"टीव्ही बंद हाय," ती म्हणाली.

"मग?"

"अवं मालक, लाईट गेलीय. टीव्ही बंद हाय. आन् आत बाई वरडतीय!"

एक क्षण सगळे त्या दाराकडे बघत राहिले. मायाक्का आपल्या खोलीत शिरली ती काठी घेऊनच बाहेर आली. तिने दारावर लाथ घातली. कडी धरून होती. दोन विणकर शेडमध्ये पळाले आणि सूत गुंडाळायचा रिकामा लोखंडी बीम खांद्यावर घेऊन आले. दुसऱ्या धडकेला कडी उखडली, तिसरीला दार बिजागऱ्यांसकट आत पडलं.

अंबादास खाटेपाशी उभा होता. त्याच्या पायाशी सुकन्या कुशीवर पडली होती. तिच्या डाव्या डोळ्याच्या जागी काय आहे ते रक्तामुळे कळत नव्हतं. सांडलेली तेंदूची पानं त्या रक्तात भिजून काळी पडली होती.

"घरातली गोष्ट आहे," अंबादास म्हणाला. "मध्ये पडू नका."

मायाक्काने चुकार मेंढ्याला मारतात तशी काठी खालून आडवी मारली, गुडघ्यावर. तो कोसळला. पाना हातातून सुटला. मग त्याच्यावर विणकर पडले. त्यांनी त्याला फरफटत बोळात आणलं. तिथे जागा जास्त होती. एकाने त्याच्या बोटांवर बूट ठेवला आणि अंग टाकलं. एकाने तोच पाना उचलून त्याच्या जबड्यावर मारला, दात फरशीवर उडाले. वीरभद्रप्पा वयाने पंचावन्न, मधुमेही. तेही लाथा घालत होते. फक्त धापांचे आवाज येत होते.

काशम्मा पडलेल्या दारावर उभी राहून बघत होती. गर्दीतून तिला फक्त त्याचे पाय दिसत होते. एक बूट निघाला होता. मोज्यातला पाय फरशीवर थरथरत होता, मग थांबायचा, पुन्हा थरथरायचा. तिला त्याची कीव आली नाही. अजून थोडा वेळ मारलं तर पाय कायमचा थांबेल, हेही तिला समजत होतं. तिने बघून घेतलं. मग ती म्हणाली, "सोडा त्याला. आधी हिला उचला."

पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. मायाक्काने काठी विणकरांच्या पाठीत हाणली. "म्हातारी काय म्हनतीय? पोरगी जित्ती हाय अजून! उचला तिला!"

सुकन्याला टॉवेलच्या ताग्यात गुंडाळून रिक्षात घातलं. दवाखान्यापर्यंत तागा पूर्ण भिजला.

तिच्या कवटीला चीर होती. हाताला पट्टी आणि स्क्रू बसले. डावा डोळा गेला. अकरा दिवस ती कुणाला ओळखत नव्हती, बाराव्या दिवशी तिने पाणी मागितलं. काशम्माचे दोन्ही हात डॉक्टरांनी पाहिले. उजवं मनगट मोडलेलं, डाव्यावर पाच बोटांचे काळे वळ.

"हे कुणी केलं?"

"हा हात अंबादासने मोडला," काशम्मा म्हणाली. "आणि हे वळ मालकांचे आहेत."

वीरभद्रप्पा दारातच उभे होते. तुटलेल्या मागांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पोलिसांनी ओळीतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, आरडाओरडा ऐकला होता का. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. ऐकला, सिनेमा वाटला. मायाक्का म्हणाली, "ऐकला की. वर उलटं बोलले तिला. ते बी ल्ह्या." हवालदाराने लिहिलं.

काशम्माचा जबाब मात्र तीन पानं झाला. तिने बूट सांगितले, त्यावरचे तेलाचे डाग सांगितले, पाना उजव्या हातात होता आणि मारताना तो डावा पाय पुढे टाकत होता, हे सांगितलं. बंद दाराआड सात घाव. पहिला हातावर, दुसरा खांद्यावर, तिसरा पाठीवर, चौथा पुन्हा खांद्यावर, पाचवा कमरेवर, सहावा डोक्याला घासून, सातवा डोळ्यावर. कात्री कुठे लागली आणि ती कुठल्या कोपऱ्यात पडली, हेही. डॉक्टरांच्या कागदाशी सगळं जुळलं. हवालदाराने पेन खाली ठेवलं.

"आजी, एवढ्या गोंधळात तुम्ही मोजलंत कसं?"

"बघायची सवय आहे," काशम्मा म्हणाली.

अंबादास जबडा शिवून, पाय प्लास्टरमध्ये घालून तुरुंगात गेला. खटला त्या तीन पानांवर उभा राहणार, हे त्याच्या वकिलालाही कळलं. म्हणून जुलैत त्याचा चुलता काशम्माकडे आला. वयस्कर माणूस, हातातली फळांची पिशवी त्याने उंबऱ्याशी ठेवली. दुपारची वेळ होती. नवीन दार सताड उघडं होतं. सिनेमा लागलेला होता, पण आवाज पूर्ण बंद. त्या मंगळवारापासून काशम्माने आवाज लावलेला नाही. मायाक्का टॉवेलच्या कडा घेऊन बसली होती. सुकन्या भिंतीला टेकून बसली होती, तोंड टीव्हीकडे. एका बाजूचे केस अजून बोटभरच आले होते.

चुलता बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काशम्मा, गर्दी होती, अंधार होता. कोणता घाव कुणाचा हे नक्की कोण सांगणार? तुम्ही एवढंच म्हणा, की नीट दिसलं नाही. पोरगा सुटेल. हिच्या डोळ्याचा खर्च आम्ही बघू."

काशम्माने विडीचं टोक दुमडलं. "दुपारचे तीन वाजले होते. अंधार कुठला?"

"तुम्ही घाबरला होता. घाबरलेल्या माणसाला काय दिसतं?"

"मला दिसतं," काशम्मा म्हणाली.

चुलता सुकन्याकडे वळला. "पोरी, तू सांग. नवरा आहे तुझा."

सुकन्याने टीव्हीवरची नजर काढली नाही. एक डोळा असल्यामुळे ती मान थोडी तिरकी करून बघते. "काका, मी कोर्टात येणार आहे," ती म्हणाली. "आई बोलेल, मग मी बोलेन. फळं घेऊन जा."

"आन् पिशवी बी," मायाक्का म्हणाली. "करडू खातंय ती. मरंल."

चुलता उठला. पडद्यावर एक बाई हातात मेणबत्ती घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होती. तिच्या मागे भिंतीवर दुसरी सावली आली.

"अगं बये, मागं बघ की!" मायाक्का टॉवेल खाली टाकत म्हणाली. "खटका वड, खटका!"

"त्या हवेलीत लाईट कुठे आहे?" काशम्मा म्हणाली. "सगळं मेणबत्तीवर चालतं."

"लाईट न्हाय? मग कशाला ऱ्हाती तितं मरायला?"

सुकन्या हसली. हसताना टाके होते तिथे दुखतं, म्हणून तिने तळहाताने डोक्याची ती बाजू दाबून धरली आणि तशीच हसत राहिली. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं. भिंतीमागे बारा माग चालू होते, त्यामुळे काहीच ऐकू आलं नाही. बोळातून पाणी प्यायला निघालेला विणकर दारापाशी थांबला. त्याने वाकून आत पाहिलं, तिघी बसलेल्या दिसल्या, तेव्हा पुढे गेला.